काळ्या शाईतले वाचक

आमचा फंड पीण्या औद्योगिक क्षेत्रात आहे, एका प्रेसशॉपच्या वरच्या मजल्यावर. खाली वॉशर तयार होतात, वर तोटा. खालचं मशीन दर चार सेकंदांनी आपटतं आणि माझ्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरतो. स्क्रीनवरची शेअरची रेघही त्यामुळेच थरथरते असं मला पहिले दोन महिने वाटायचं. नंतर कळलं, ती आपली आपणच थरथरते.

फंड म्हटल्यावर लोकांना काचेची इमारत दिसते. आमच्याकडे काच आहे, पण ती आग विझवायच्या नळकांड्याच्या पेटीला. सात माणसं आहोत. शेअर कधी घ्यायचे, कधी विकायचे हे गणित ठरवतं आणि माणसाने मध्ये डोकं घालायचं नाही, असा नियम आहे. त्या डोकं न घालू देणाऱ्या गणिताला रोज खायला आकडे आणून देणं हे माझं काम. थोडक्यात, आचारी.

या धंद्यात मी आलो तो पुस्तकं वाचून. नागपूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मी असली पुस्तकं एकामागून एक संपवायचो. त्यांचा साचा ठरलेला असतो. पहिल्या प्रकरणात एक गणिताचा प्राध्यापक पत्त्यांच्या अड्ड्यावर जिंकतो, तिसऱ्यात फंड काढतो, सातव्यात हेलिकॉप्टर घेतो, नवव्यात जग बुडतं आणि शेवटी तोच माणूस जग का बुडालं यावर विद्यापीठात भाषण देतो. मुखपृष्ठावर लाल रंगाची खाली जाणारी रेघ. ती पुस्तकं वाचून कुणीही शहाणा माणूस या धंद्यापासून लांब राहिला असता. मी सातवं प्रकरण दोनदा वाचलं.

आता वय एकोणतीस. आठ वर्षं झाली, मी थेट नवव्या प्रकरणात राहतो. हेलिकॉप्टर मध्ये कुठे लागलंच नाही.

ही माझी तिसरी नोकरी. पहिला फंड बुडाला. दुसऱ्याने आधी मला काढलं आणि मग तो बुडाला. आमच्यात पहिल्या वेळी नशीब म्हणतात, दुसऱ्या वेळी बाजार म्हणतात, तिसऱ्या वेळी तुमचं नाव घेतात. त्यानंतर फोन येत नाहीत. म्हणून आमच्या प्रमुख श्रीविद्या मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मी आधी खणातला चार्जर खिशात टाकला. (हे सगळं बोलणं इंग्रजीत झालं. मराठीत लिहिल्यावर ते उगाच प्रामाणिक वाटतंय.)

"निहार, सहा आठवडे आहेत तुझ्याकडे. नवीन सिग्नल आण. दुसऱ्या कुणाकडे नसेल असा. नाहीतर..."

नाहीतरच्या पुढचं त्या बोलल्या नाहीत. अजून दोघांना हेच वाक्य अर्धवट सांगायचं राहिलं होतं.

सिग्नल म्हणजे बाजार पडायच्या आधी जे कुठेतरी हलतं ते. कुणी उपग्रहातून मॉलच्या पार्किंगमधल्या गाड्या मोजतं, कुणी ट्रकचे टोल मोजतं. मोजण्यासारखं सगळं कुणी ना कुणी मोजून ठेवलेलं आहे. पाच आठवडे मी मोजायला काहीतरी शोधत होतो आणि त्यातले चार शनिवार मल्लेश्वरमच्या मराठी वाचनालयात झोपण्यात घालवले.

हे वाचनालय एका कॉफी पावडरच्या दुकानावर आहे. संपिगे रोडला मेट्रोतून उतरायचं, दहा मिनिटं चालायचं आणि चिकोरीचा वास आला की जिना चढायचा. आत त्रेसष्ट सभासद आहेत, म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात एक पंखा, चार खुर्च्या आणि हेमलताअक्का. अक्का सत्तरीच्या. जन्म इथलाच, सासर-माहेर दोन्ही मल्लेश्वरमचं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी साखरेसारखं विरघळलेलं. वाचनालय त्या एकट्या चालवतात.

"झोपायचं तर झोप," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "पण पुस्तक उघडं ठेवून झोप. समितीचं कुणी आलं तर वाचक दिसला पाहिजे."

मी भिंतीकडच्या खुर्चीत बसायचो, कारण तिथे बरोबर माझ्या लाडक्या पुस्तकांचं कपाट होतं. नंदू हर्डीकर नावाच्या एका जुन्या सभासदाने ती दान केली होती. एकेचाळीस पुस्तकं, सगळी गणिती गुंतवणूक आणि आर्थिक संकटांवरची. एकेचाळीस लाल रेघा. एका शनिवारी मी त्यातलं एक छातीवर उघडं ठेवून झोपत होतो, तेव्हा शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी दिसली. कोण कधी घेऊन गेलं त्याचे शिक्के. ऑक्टोबर २००८, चार शिक्के. मग वर्षाला एखादाच. मार्च २०२०, पाच शिक्के. त्यातले तीन बाजार आपटण्याच्या आधीच्या आठवड्यातले.

माझी झोप गेली. दुसरं पुस्तक काढलं. तिसरं काढलं. तसंच.

"अक्का, देवघेवीच्या वह्या आहेत का जुन्या?"

"अठरा वर्षांच्या आहेत. अकरा वह्या. का रे?"

"मला बघायच्यात."

"समितीने पाठवलं का तुला?"

"नाही हो. असंच. अभ्यास."

"सरी, बघ," त्या म्हणाल्या, पण कपाटाची किल्ली द्यायला त्यांनी बराच वेळ घेतला. हे मी तेव्हा लक्षात घ्यायला हवं होतं. मी वेळेचाच अभ्यासक आहे.

फोनवरच्या स्कॅनर अ‍ॅपने मी सोळाशे पानं टिपली. अ‍ॅप चांगलं आहे, सगळं स्वच्छ काळं-पांढरं करून देतं. चार दिवस मी ते आकड्यांत उतरवलं आणि गुरुवारी गणित चालवलं. उत्तर असं आलं: मल्लेश्वरमच्या मराठी वाचनालयातून एका आठवड्यात संकटांवरची तीन पुस्तकं गेली, की पुढच्या दहा दिवसांत बाजार पडतो. अठरा वर्षांत अशी वेळ चोवीसदा आली. सतरा वेळा पडला.

श्रीविद्या मॅडमनी आकडा बघितला. चष्मा काढला, पुसला, परत बघितला.

"हे लोक आहेत तरी कोण?"

"निवृत्त इंजिनिअर, शास्त्रज्ञ. सरकारी कारखान्यांतले, संशोधन संस्थांतले. घाईने काही करत नाहीत."

"आणि सुरुवात नेहमी एकाच माणसापासून होते?"

"हो. हरी देशकर. वय एक्याऐंशी. सगळ्यांच्या आधी पुस्तक तेच नेतात. सरासरी आठ दिवस आधी."

त्या खुर्चीत मागे रेलल्या. खालचं मशीन दोनदा आपटलं. "सोमवारी गुंतवणूकदार येतायत," त्या म्हणाल्या. "तू मांड. याला नाव देऊ, द हरी फॅक्टर." मग अगदी हळू, "निहार, मी तुझी फाइल अनुषाकडे पाठवली होती. परत मागवते."

अनुषा म्हणजे आमची एचआर. माझी फाइल तिच्या टेबलावरून परत निघाली तेव्हा मी जिन्यात जाऊन दहा मिनिटं नुसता बसलो. आनंद झाला असावा. इतका दमलो होतो की नक्की सांगता येत नाही.

शनिवारी मी शेवटचं काम करायला वाचनालयात गेलो. वहीचं गेल्या महिन्याचं पान टिपायचं राहिलं होतं. पान उघडलं. चार तारखेला पहिली नोंद हरी देशकर. खाली दुसरी: निहार वैद्य.

म्हणजे मी.

चार तारखेला मी वाचनालयातच नव्हतो. नागपूरला चुलतबहिणीच्या साखरपुड्यात पंगतीत मठ्ठा वाढत होतो. शिवाय या वाचनालयातून मी आजवर एकही पुस्तक घरी नेलेलं नाही. अनामत भरलेली नाही. आणि बारा तारखेला बाजार पडला होता. म्हणजे अठरावा खड्डा मी स्वतः ओळखला होता. मठ्ठा वाढता वाढता.

"अक्का," मी म्हणालो, "हे मी कधी नेलं?"

अक्का कॉफी गाळत होत्या. फिल्टरकडेच बघत म्हणाल्या, "नेलं नाहीस तू."

"मग?"

"समितीचा नियम आहे. महिन्याला शंभर पुस्तकं गेली नाहीत तर खोली काढून घेणार. वर्षभर न गेलेलं पुस्तक रद्दीत. आता तूच सांग, कोण येतं इथे? तू येतोस, तो झोपायला. म्हणून महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी बसते, महिन्याभराचे पेपर घेते, वही भरते आणि पुस्तकांत शिक्के मारते."

"महिन्याच्या शेवटी?"

"मग काय रोज खोटं बोलू?"

मी खाली बसलो. अक्कांना वाटलं मी ऐकायला बसलो, म्हणून त्या खुलल्या. अठरा वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं.

"कुणाचंही नाव कुठेही टाकून चालत नाही बरं. विचार करावा लागतो. गणपतीत अथर्वशीर्षाचा अर्थ सांगणारी पुस्तकं जाणार. मे महिन्यात नातवंडांची. पेपरात शेअर बाजार पडला म्हणून आलं की नंदूभाऊंच्या कपाटातली. माणसं कशी वागतील तसंच लिहायचं. आता राजलक्ष्मी, ती नेहमी उशिरा जागी होते. तिचं नाव मी बाजार पडल्यावर चार दिवसांनी घालते. हरीअण्णा हुशार. त्यांना आधीच कळेल. त्यांना आठवडाभर अगोदर घालते."

आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात जुनं पाप. पुढे काय झालं ते भूतकाळाच्या कानात सांगून ठेवायचं आणि मग त्याने बरोबर ओळखलं म्हणून टाळ्या वाजवायच्या. त्या एकेचाळीस पुस्तकांपैकी प्रत्येकात यावर एक प्रकरण आहे. ते मी याच खुर्चीत बसून वाचलं होतं.

"यातलं खरं कुठलं ते तरी कळतं का?" मी विचारलं.

"न कळायला काय झालं? खरं निळ्या शाईत. माझं काळ्या. देवाला हिशेब लागायला नको का?"

मी वही खिडकीशी नेली, मग उरलेल्या दहाही. पानभर काळी शाई आणि मध्ये कुठेतरी एखादी निळी ओळ. माझ्या अ‍ॅपने सोळाशे पानं काळी-पांढरी करून दिली होती. स्वच्छ.

तेवढ्यात हरी फॅक्टर जिना चढून वर आला. हातात काठी, काखेत रहस्यकथा. हरीअण्णांचं एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आणि दुसरा रांगेत.

"अण्णा, तुम्ही शेअर बाजारावरची पुस्तकं वाचता ना?" शेवटचा उपाय म्हणून मी विचारलं.

"मी? छे रे. माझं सगळं पोस्टात. पोस्ट बुडालं तर देशच बुडाला समज, मग पुस्तक वाचून काय करू?" ते बसले. "का, काय झालं?"

अक्कांनी सांगितलं. अण्णा इतके हसले की काठी पडली. "हेमा, म्हणजे अठरा वर्षं मी बाजार ओळखतोय? आणि मुलाला फोन करून विचारतोय बल्ब कुठला आणू?"

"तुम्ही हुशारच आहात," अक्का म्हणाल्या. त्यात चेष्टा अजिबात नव्हती.

निघताना मी जिन्याजवळ थांबलो. "अक्का, मला कुठल्या गटात घातलंत? बाजार पडल्यावर की आधी?"

"आधी. अण्णांच्या बरोबरीने. तू त्यातला माणूस ना." त्यांनी मला कॉफीचा पेला दिला. "चेहरा का पाडलायस? समितीला सांगणार आहेस का?"

"नाही. समितीला नाही."

रविवारभर मी गादीवर पडून छताकडे बघितलं. गप्प बसलो तर सोमवारी नोकरी पक्की. मॉडेल खोटं आहे हे कळायला वर्ष लागेल. वर्षभर पगार. त्यात वाईट काही नव्हतं, आमच्या निम्म्या क्षेत्राचा तोच धंदा आहे. पण मग श्रीविद्या मॅडम रोजचे आकडे मागणार. रोजचे आकडे म्हणजे अक्कांना रोज खोटं बोलावं लागणार. आणि हरीअण्णा एक दिवस वारले तर गुंतवणूकदारांना काय सांगायचं? आमचा बाजार गेला? विचार करकरून कंटाळा आला. मी खरं सांगायचं ठरवलं त्यात सचोटी किती होती कोण जाणे. खोट्याला पुढे खूप काम होतं, एवढं दिसत होतं.

सोमवारी सकाळी नऊला मी केबिनमध्ये गेलो. मॅडमच्या स्क्रीनवर पहिली स्लाइड तयार होती, हरीअण्णांच्या जागी इंटरनेटवरून घेतलेल्या कुठल्यातरी पांढऱ्या दाढीवाल्याचा फोटो. मी सांगितलं. वही, शनिवार, पेपर, दोन शाया.

"म्हणजे एक बाई महिनाअखेरीला पेपर वाचते आणि मागच्या तारखा टाकते."

"हो."

"आणि आपण तिच्यावर पैसे लावणार होतो."

"हो."

"खऱ्या नोंदी किती? निळ्या?"

"त्या कपाटाच्या? अठरा वर्षांत चार. चारही नंदू हर्डीकर. पुस्तकं दान त्यांनीच दिली होती, अजून जागेवर आहेत का बघायला न्यायचे."

"आणि त्यानंतर बाजार?"

"दोनदा पडला. दोनदा नाही."

"पन्नास टक्के." त्यांनी डोळे मिटले. "आपल्या चालू मॉडेलपेक्षा तीन टक्क्यांनी बरा आहे हा माणूस. कुठे असतो?"

"२०१९ मध्ये गेले."

मशीन आपटलं. मॅडमनी पांढऱ्या दाढीवाल्याला डिलीट केलं. मग म्हणाल्या, "शनिवारीच सांगायला हवं होतंस." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या माझ्याहून दमलेल्या होत्या, त्यांनाही वरच्या कुणाकडून तरी अर्धं वाक्य ऐकायचं होतं.

माझी फाइल दुपारी पुन्हा अनुषाच्या टेबलावर गेली. चार वाजता तिने मला एक छापील कागद दिला. मी स्वखुशीने, अधिक चांगल्या संधीसाठी राजीनामा देत आहे.

"सर, इथे सही. आणि तारीख गेल्या महिन्याची टाका, सतरा."

"आज सतरा आहे. गेल्या महिन्याची का?"

"म्हणजे नोटीसचा महिना संपलेला दिसेल. आज मोकळे व्हाल. सगळे असंच करतात."

मी पेन हातात घेतलं. मग कागदावर आजची तारीख टाकली.

"सर, सिस्टिम घेणार नाही."

"सिस्टिमला सांगा, मी मागच्या तारखेचा माल देत नाही. आज सकाळीच त्यावरून नोकरी गेलीय."

तिने कुठेतरी फोन केला, कानडीत बराच वेळ बोलली आणि शेवटी मला नोटीसच्या महिन्याचा पगार मिळाला. घरी बसून. हरी फॅक्टरने मिळवून दिलेला हा आजवरचा एकमेव नफा.

महिन्याचा शेवटचा शनिवार आला. माझ्याकडे वेळच वेळ होता, वाचनालयात गेलो. अक्का टेबलाशी बसल्या होत्या. एका बाजूला महिन्याभराचे पेपर, दुसऱ्या बाजूला वही, हातात काळं पेन. नोकरीचं मी त्यांना फोनवर सांगितलं होतं.

"ये. हे बघ आधी," त्या म्हणाल्या आणि वही माझ्याकडे वळवली.

आठ तारखेच्या ओळीत माझं नाव होतं. पुस्तक: नोकरी गेल्यावर माणसाने काय करावं, याबद्दलचं कुठलंसं जाडजूड. ते इतकी वर्षं खालच्या फळीवर पडून होतं.

"तू नऊ दिवस आधीच नेलंस," अक्का म्हणाल्या. "तुला अंदाज आला होता."

"नव्हता आला, अक्का. आठ तारखेला तर मी..."

"ते मला माहीत आहे. वहीला कशाला सांगायचं?" त्यांनी पेनाला टोपण लावलं. "नको असेल तर खोडते."

मी ती ओळ परत वाचली. अक्षर सुरेख होतं. काळ्या शाईतला निहार वैद्य शांतपणे जिना चढला होता, खालच्या फळीवरून नेमकं पुस्तक उचललं होतं आणि येणाऱ्या सोमवारची तयारी करायला घरी गेला होता. माझ्या ओळखीत इतका समजूतदार माणूस दुसरा नाही.

"राहू दे," मी म्हणालो.

"मग बस इथे. सत्तावन्न झालेत, शंभर व्हायला पाहिजेत, आणि माझे डोळे दुखतायत. तू पेपर वाचून दाखव, मी लिहिते. स्वल्प मोठ्याने वाच, पंखा आवाज करतो."

"कुठून सुरू करू?"

"एक तारखेपासून."

मी गठ्ठ्यातला सगळ्यात खालचा पेपर ओढून काढला. एक तारीख. बाजार वर होता, हवा बरी होती, कुणाचं काही गेलं नव्हतं.